चिठ्ठी भूषणची, सेशन मंगलबाईंचं

माझी फी कुणीच माझ्या नावाने भरत नाही. फोनवरून पैसे पाठवताना खाली दोन शब्द लिहायची सोय असते. तिथे कुणी 'साडी फॉल' लिहितं, कुणी 'टिफिन', कुणी 'क्लास'. एका गृहस्थांनी सबंध वर्षभर 'गाडी सर्व्हिस' लिहिलं, आणि त्यांच्याकडे साधी सायकलही नव्हती. एकदा एका बाईंच्या नवऱ्याचा मला फोन आला, "बेन, टिफिनचे पैसे दर आठवड्याला जातात, पण डबा मी कधी पाहिला नाही." मी म्हटलं, "भाऊ, घरी विचारा. मी काय सांगणार?" त्यांनी विचारलं असावं, कारण पुढच्या वेळी दोघं नवराबायको कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी बसले होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव होता.

मी समुपदेशक आहे. सुरतेत एका ट्रस्टच्या दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी केली, निवृत्त झाले आणि आता घरी बसून फोनवर तेच काम करते. मी डॉक्टर नाही, गोळी देत नाही, सुई टोचत नाही. लोक बोलतात, मी ऐकते, मध्ये एखादा प्रश्न विचारते. असं सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "नुसतं बोलायचे पैसे?" पूर्वी मला याचा राग यायचा. आता मी म्हणते, "नाही, बोलणं फुकट आहे. पैसे ऐकायचे आहेत."

मी राहते तापीच्या पलीकडे, अडाजणला. माझे बहुतेक पेशंट लिंबायत, गोडादरा, नवागाम या भागातले. शहर एकच, मग फोन कशाला, असं वाटेल. पण लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या माणसाने माझ्याकडे यायचं म्हणजे दोन शेअर रिक्षा बदलायच्या, एक पाळी बुडवायची आणि वर गल्लीतल्या प्रत्येकाला कुठे निघालो ते सांगायचं. फोनवर यातलं काही नसतं. अडचण एकच, घरात एकांत नसतो. एका खोलीत सहा माणसं असली की मनातलं बोलायचं कुठे? मग कुणी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसतं, कुणी जिन्यात. गोडादऱ्याचा एक रिक्षावाला बाजूचा पडदा सोडून मागच्या सीटवर बसायचा. पुढे बसलं की लोक 'स्टेशन येणार का' विचारतात, असं त्याचं म्हणणं. आपल्याच रिक्षात पॅसेंजर होऊन बसलेला तो माणूस रडायचाही मागेच. मग डोळे पुसून पुढे जायचा आणि मीटर पाडायचा.

पैसे मी आधी घेते. यावरून मला बरीच बोलणी बसली आहेत. पण माणूस मनसोक्त रडला की पैसे द्यायला लाजतो, किंवा त्याला वाटतं, काम तर मीच केलं, या बाईने काय केलं? एका साडीच्या दुकानातल्या सेल्समनने माझ्याशी रीतसर घासाघीस केली होती. "बेन, अर्धा वेळ तर मी गप्पच होतो. तेवढे कापा." मी म्हटलं, "गप्प बसलेल्या माणसाचं ऐकायला जास्त कष्ट पडतात, खरं तर जास्तच घ्यायला हवेत." तो खूश झाला. समोरचा भाव पाडू देत नाही म्हणजे माल चांगला, हा हिशेब त्याला पटला.

हे पेशंट माझ्याकडे पाठवतात लिंबायतमधले एक जुने डॉक्टर. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून नुसतं डॉक्टरसाहेब म्हणते. ते सुरती गुजराती, मराठी तोडकंमोडकं, पण खानदेशी पेशंटांमध्ये उभा जन्म गेलेला. त्यांच्याकडे येणारा माणूस कधीच 'मन लागत नाही' म्हणत नाही. छातीत भरून येतं, हातपाय गळतात, डोकं जड होतं असं म्हणतो. तपासात काही निघालं नाही की डॉक्टरसाहेब औषधाच्या कागदावर माझा नंबर लिहून देतात. मग संध्याकाळी मला फोन करून दोन वाक्यांत सगळं सांगतात. माहिती थोडी, पण बहुधा नेमकी.

भूषणची माहिती त्यांनी अशीच दिली, पोरगा बोलत नाही, झोपत नाही. "बेन, छोकरो बोलतो नथी, ऊंघतो नथी. बायको माहेर गेली. त्याची आई लई परेशान." भूषण म्हणजे तिशीच्या आतला लूम कारागीर, नवागामला राहणारा. (त्याला आणि त्याच्या आईला विचारून लिहिते आहे. नावं मात्र बदलली आहेत.) आईने डॉक्टरसाहेबांच्या कंपाउंडरकडे रोख पैसे दिले, त्याने ते मला फोनवर पाठवले आणि ठरलेल्या वेळी मी व्हिडिओ लावला.

पडद्यावर पन्नाशीपुढची एक बाई. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, मागे फळीवर ओळीने लावलेले स्टीलचे डबे.

"भूषण कुठे आहेत?" मी विचारलं.

"तो कामवर शे, ताई. मी शे ना. चिठ्ठी आनेल शे." आणि त्यांनी डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली.

या मंगलबाई, भूषणच्या आई. मी धुळ्याकडची असल्यामुळे त्यांची अहिराणी मला कळत होती. मी समजावलं की हे ज्याचं त्यानेच घ्यायचं असतं. त्यांना ते काही पटेना. लूमवरच्या माणसाला पाळी सोडता येत नाही, म्हणून दवाखान्यात चिठ्ठी घेऊन घरातलं कुणीही जातं आणि गोळ्या आणतं. गावाकडे भगताकडे जाताना आजारी माणसाचा सदरा नेला तरी चालतो. मग इथेच काय एवढं मोठं?

"तुम्ही माले द्या," त्या म्हणाल्या. "मी घरी त्याले दी देसू."

मी हसले. निदान माहिती तरी मिळेल म्हणून विचारलं, "बरं, झोप कशी आहे?"

"माले झोप येस नही," मंगलबाई म्हणाल्या. "जेवान गोड लागस नही. कोनसंगे बोलू नही वाटस. दाढी बी करू नही वाटस."

क्षणभर मला उमजेचना. मग लक्षात आलं की बाई भूषणच्या वतीने, भूषण होऊन उत्तरं देत होत्या. चिठ्ठी त्याच्या नावाची, म्हणून बोलणंही त्याचं. इतक्या वर्षांच्या कामात असा पेशंट मी पाहिला नव्हता. मला हसू येत होतं आणि त्या बाईचा मनापासून आदरही वाटत होता.

त्यांचं मुलाच्या जागी बसणं मग चालूच राहिलं. मी प्रश्न द्यायचे, त्या ते पाठ करून घरी न्यायच्या, भूषण जेवायला बसला की विचारायच्या आणि पुढच्या वेळी उत्तर आणायच्या. उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, 'काही बोलला नाही'. सून पारोळ्याला माहेरी जाऊन बसली होती, लहानगी नात बरोबर. तिची तक्रार मारहाणीची नव्हती, दारूची नव्हती. हाक मारली तर हा माणूस वळून बघत नाही, रात्री पोर रडून आकांत करते तरी उठत नाही, माहेराहून फोन केला तर उचलत नाही. नवऱ्याला आपण नकोशा झालो, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिच्या वडिलांनी निरोप धाडला होता की दिवाळी झाली की सोयरे बसवू आणि फारकतीचं बोलून टाकू. पोराचा संसार मोडू नये, एवढंच मंगलबाईंना हवं होतं.

पण त्यांच्या मनात आणखी एक भीती होती आणि ती त्यांनी चौथ्या की पाचव्या वेळी बोलून दाखवली. "त्याना बाप बी असाच गप व्हई गयथा, ताई. मनासंगे बोलनंच सोडी दिधं त्यासनी. शेवटलोंग बोलनात नही." नवरा लूमवरच आयुष्य काढून वारला होता. शेवटची कितीतरी वर्षं तो आपल्यावर रुसून होता आणि तसाच गेला, हे दुःख त्या उराशी धरून होत्या. कशावरून रुसला ते त्यांना ठाऊक नव्हतं. आता पोरगाही त्याच वाटेने चालला होता.

हे ऐकून मला गलबलून आलं. आणि माझं डोकं माझ्या धंद्याच्या रुळावरून धावू लागलं. बापाचं मौन, मुलाचं मौन, घरात न बोललेलं काहीतरी. आमच्या कामात गप्प माणूस म्हणजे दुखावलेला माणूस, हे मनात फार पक्कं बसलेलं असतं. मी मंगलबाईंना निक्षून सांगितलं की पुढच्या वेळी भूषण समोर नसेल तर मी पैसे परत पाठवीन. पैसे परत म्हणजे दवाखान्यातून औषध न देता घालवून देणं, असं वाटून त्या घाबरल्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी त्याला धरून आणलं.

उंच, सडसडीत, चेहऱ्याने गोड मुलगा. मांडी घालून फोनसमोर बसला आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. फोनचा आवाज पूर्ण मोठा ठेवला होता. उदास माणूस सहसा नजर टाळतो. हा तर पापणीही लववत नव्हता. मी हळूहळू विचारत गेले, तो थोडक्यात पण सरळ उत्तरं देत गेला. झोप येत नाही, डोक्यात लूम चालू राहतो, म्हणाला. मला वाटलं, कामाचा ताण. मुलीचं नाव विचारलं तर चेहरा एकदम उजळला. मग मी बायकोचा विषय काढला, आणि नेमकं त्याच वेळी नेट अडकलं.

ऑनलाइन काम करणाऱ्यांना हे रोजचंच आहे. कधी चित्र हलतं आणि आवाज जातो, कधी आवाज येतो आणि चित्र थिजतं. त्या दिवशी मंगलबाईंच्या फोनवर माझं चित्र थिजलं, तोंड अर्धवट उघडं आणि डोळे मिटलेले. माझा आवाज मात्र तिकडे जात होता आणि तिकडचं सगळं मला दिसत होतं. मला हे कळायला वेळ लागला. मी विचारत राहिले, "ती गेली तेव्हा तुला काय वाटलं? तिला परत आणावंसं वाटतं का?" भूषण नुसता बघत राहिला.

"सांग ना," मंगलबाईंनी त्याला कोपराने ढोसलं. "ताई काय इचारी ऱ्हायन्यात! देखा ताई, असाच करस. बायकोनं नाव काढं की गप."

मग म्हणाल्या, "तुमना फोटू अडकी गया, पन आवाज येस."

माझं चित्र पुन्हा हललं, तसं त्यांनीच सांगितलं. मी तोच प्रश्न शब्द न् शब्द तसाच पुन्हा विचारला. भूषणने त्याच क्षणी उत्तर दिलं, "हा ताई, आणायचं आहे ना. रोज वाटतं."

टेबलावर पाण्याचा पेला होता. मी तो तोंडासमोर धरला आणि पाणी प्यायल्यासारखं करत विचारलं, "भूषण, तुला बहिणी किती?" तो बघत राहिला. पेला खाली ठेवून तेच विचारलं. "एकच. मोठी. अमळनेरला दिली आहे."

"मंगलबाई," मी म्हटलं, "याला ऐकू येत नाही."

त्या आधी चिडल्याच. असं कसं, माझं तर सगळं ऐकतो. पण कारागिरांच्या घरात सगळेच टिपेला बोलतात. लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकूच येत नसल्यामुळे तिथे सगळं हातांच्या खुणांनी चालतं आणि त्याच खुणा घरी येतात. आई पाठीवर थाप मारून त्याला वळवायची आणि मग बोलायची. अशा घरात एखाद्याचे कान गेले तर कळणार कसं? भूषणचा एक कान लहानपणापासून वाहायचा, दुसरा लूमने खाल्ला होता. रात्री झोप येत नव्हती ती कानातल्या घरघरीमुळे. फोन उचलत नव्हता, कारण फोनला ओठ नसतात.

आणि त्याला हे सगळं माहीत होतं! मी जरा रागावूनच विचारलं, "मग सांगितलं का नाहीस? बायको सोडून गेली तरी गप्प बसलास?"

तो आईकडे बघून ओशाळं हसला. "रागीट म्हटलं तं चालस, ताई. लोके दबकीसन राहतस. बहिरा म्हटलं की पोरंसोरं मांगून हाका मारतस आन् हसतस."

डॉक्टरसाहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मारे पहेलां कान जोवा जोईता हता." आधी कानच पाहायला हवे होते, असं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मन पाहायला माझ्याकडे पाठवलंत, मी कान पाहायला तुमच्याकडे पाठवते. हिशेब फिटला." त्यांनी कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. या वेळी भूषण स्वतः गेला. यंत्र बसलं. ते लावून तो लूमवर जात नाही, घरी आला की लावतो.

सुनेला कसं सांगायचं, यावर मात्र आमचं एक अख्खं सेशन गेलं. भूषण म्हणत होता, आईने सांगावं. मी म्हटलं, आता पुरे झालं आईने तुझ्या जागी बसणं. शेवटी त्याने स्वतः व्हिडिओ लावला, कानावरचे केस मागे सारून तिला कानातलं यंत्र दाखवलं आणि म्हणाला, "आता हाक मार." ती आधी खूप रडली, मग त्याहून जास्त भांडली. इतके महिने मी घरात एकटीच बोलत होते का, असं म्हणाली. तिचा राग खरा होता आणि तो तिने परत आल्यावरही पुष्कळ दिवस पुरवून वापरला. सोयरे बसले ते नातीच्या जावळाला. माझ्या लेखी ही केस तिथे संपली होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी कंपाउंडरकडून पुन्हा पैसे आले. ठरलेल्या वेळी पडद्यावर मंगलबाई, एकट्याच.

"काय झालं? भूषण बरा आहे ना?"

"पोऱ्यानं व्हयनं, ताई," त्या म्हणाल्या. "आते त्याना बापनं लेनं शे." पोराचं झालं, आता त्याच्या बापाच्या वतीने एक घ्यायचं होतं. मग त्यांनी विचारलं, "मानूस गया ते चालस का?"

मी म्हटलं, "चालतं."

मी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न, झोप कशी आहे, विचारायला गेले, पण मला विचारताच येईना. मंगलबाई मात्र या वेळी नवरा होऊन बोलल्या नाहीत. स्वतःच्याच आवाजात बोलल्या.

"भांडण झालं की मी त्यांच्याकडे पाठ करायचे, ताई," त्या आपल्या बोलीत सांगू लागल्या. "शेगडीकडे तोंड करून विचारायचे, जेवता का म्हणून. ते काही बोलायचेच नाहीत. मला वाटायचं, माझ्या हातचं नको झालं. मग मीही ताट झाकून ठेवायचे आणि तशीच उपाशी निजायचे. भूषणसारखेच ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, तर मी अजूनच तोंड फिरवायचे."

मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. मंगलबाईंनी पदराने डोळे पुसले, फोन डब्याला नीट टेकवून उभा केला आणि त्याच्या अगदी समोर येऊन बसल्या. डोक्यावरचा पदर थोडा मागे सारला. मग भूषणशी बोलायला शिकल्या होत्या तसं, चेहरा सरळ ठेवून, ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाल्या,

"जेवतस का?"